प्रीमियम वॅक्सचे किती घ्यायचे?

माझा मावसभाऊ रावेतच्या पुढे गाड्या धुतो. म्हणजे त्याच्या पाटीवर ‘कार डिटेलिंग’ असं लिहिलंय, पण मावशी अजूनही सगळ्यांना "आमचा धाकटा गाड्या धुतो" असंच सांगते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला एका कारखान्यात सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली, मग ते सोडून एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. छताखाली एका वेळी एकच गाडी मावते. दोन पोरं कामाला. प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम, पॉलिशचं मशीन, आणि भिंतीवरच्या फळीवर रांगेनं मांडलेले डबे. त्यातल्या सगळ्यात वरच्या डब्याबद्दल आज लिहायचंय.

डबा दोनशे ग्रॅमचा. किंमत ९,००० रुपये. बाबांची पहिली स्कूटर साधारण एवढ्यालाच आली होती. डब्यात आहे मेण. (हो, मेणच. वॅक्स म्हटलं की जरा भारदस्त वाटतं एवढंच.)

२०२४ च्या दिवाळीआधी भावानं विचारलं, "दादा, ‘प्रीमियम वॅक्स’ म्हणून एक पॅकेज काढतोय. किती ठेवू?" मी सॉफ्टवेअरवाला. कुणी मला आकडा विचारला की मी आधी एक्सेल उघडतो. एका गाडीला पंधरा ग्रॅम मेण लागतं, म्हणजे ६७५ रुपये. पॉलिश, पॅड, क्ले, मायक्रोफायबरची फडकी मिळून आणखी २५०. झाले ९२५. त्याच्या तिप्पट साधारण २,८००. त्याच रस्त्यावरचा दुसरा दुकानवाला ३,२०० घेतो. मग आपण २,९९९! शीटला रंगबिंग देऊन त्याला पाठवली. एकूण वेळ चाळीस मिनिटं. ऑफिसात यापेक्षा मोठमोठे निर्णय यापेक्षा कमी वेळात होतात, त्यामुळे मला काही गैर वाटलं नाही.

पॅकेज तुफान चाललं. आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला आणि दिवाळीआधीच्या नऊ दिवसांत अकरा गाड्या आल्या. एकेका गाडीला सात तास. कारण वॅक्स हे नुसतं फासायचं प्रकरण नाही. आधी गाडी धुवायची. मग रंगावर चिकटून बसलेला, डोळ्यांना न दिसणारा पण हात फिरवला की खरखरीत लागणारा मळ क्लेनं काढायचा. मग उन्हात दिसतात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे मशीननं पॉलिश करून काढायचे. (ते ओरखडे कुठून येतात? रोज सकाळी सहाला सोसायटीत बादली आणि एकच फडकं घेऊन पंचवीस गाड्या पुसल्या जातात, तिथून येतात. पण पुसणाऱ्याला बोल लावू नका, आपण त्याला महिन्याला काय देतो ते आधी आठवा.) आणि हे सगळं झाल्यावर शेवटच्या तासाभरात ते नऊ हजारांचं मेण लावायचं आणि पुसायचं.

ती पोरं नऊ दिवस रात्री अकरापर्यंत थांबली. नुसत्या धुण्यासाठी आलेल्या गाड्या भाऊ हात जोडून परत पाठवत होता, "शेड रिकामी नाही हो". ओव्हरटाइमचं दिवाळीनंतर बघू, असं पोरांना सांगितलं होतं. दिवाळीनंतर बघितलं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघांपैकी एक नांदेडकडचा होता, पॉलिशच्या मशीनवर त्याचा हात सगळ्यात चांगला बसलेला. भाऊबीजेला गावी गेला तो परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "मनगट दुखतंय, शेट." भावाला त्यानं तोवर कधी शेट म्हटलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी आम्ही दोघं त्याच शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. या वेळी हिशोब मेणापासून सुरू न करता शेडपासून सुरू केला. भाडं ३०,०००. दोन पगार ३२,०००. वीज आणि पाण्याचे टँकर ९,०००. मशिनांच्या कर्जाचा हप्ता ७,०००. महिन्याचे ७८,०००. रोज दहा तास, सव्वीस दिवस, म्हणजे दोनशे साठ तास. भागाकार केला तर तासाला ३०० रुपये. ही शेड, आत गाडी असो वा नसो, दर तासाला तीनशे रुपये खाते. आणि गाडी तर साठ टक्के वेळच असते, त्यामुळे गाडी असलेल्या प्रत्येक तासानं ५०० रुपये आणले तर आपण नुसते पाण्याच्या वर.

आता साधं फोम वॉश बघा. ६०० रुपये, शाम्पूबिम्पूचे ४० गेले, वेळ पन्नास मिनिटं. तासाला ६७२ रुपये पडतात. आणि आमचं प्रीमियम वॅक्स? २,९९९ मधून ९२५ वजा, उरले २,०७४, भागिले सात तास.

२९६.

भाऊ दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी प्रीमियम विकत होतो की दान करत होतो?" त्या अकरा गाड्यांनी सत्त्याहत्तर तास घेतले आणि बावीस-तेवीस हजार दिले. दिवाळीच्या गर्दीत त्याच तासांत नुसत्या गाड्या धुतल्या असत्या तर एक्कावन्न हजारांच्या पुढे गेलो असतो. फरक जवळजवळ एकोणतीस हजारांचा. भावाच्या हातात महिन्याकाठी जे उरतं त्यापेक्षा जास्त. पोरांचा ओव्हरटाइम त्यातच होता. आणि तो माझ्या शीटनं घालवला होता.

मला जास्त लागलं ते यामुळे की हे मला माहीत असायला हवं होतं. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्रायली माणसाची ‘द गोल’ ही कारखान्यावरची कादंबरी १९८४ साली आली. आपल्या क्षेत्रातल्या मॅनेजर लोकांनी ती तरी वाचलेली असते किंवा तिच्यावरून बेतलेली ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ तरी. सांगणं साधं आहे. कारखान्यात जी एक गोष्ट अडून बसते, तिचा वाया गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा वाया गेलेला तास. भावाच्या धंद्यात अडणारी गोष्ट कुठली? मेण नव्हे. मेणाचा डबा उद्या आणखी मागवता येतो. अडते ती शेड आणि मशीनवर बसलेला हात. आपल्याकडे बेंचवर बसलेल्या माणसाचा हिशोब प्रत्येक जण करतो, रिकाम्या शेडचा मात्र मी केला नाही, कारण मला तो डबा दिसत होता. नऊ हजारांचा डबा समोर असला की माणूस बाकी काही बघत नाही.

माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. पॅकेजचं नाव वॅक्सवरून, दर वॅक्सवरून, फोटो वॅक्सच्या डब्याचा, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मात्र त्याआधीच्या सहा तासांसाठी. चकाकी बहुतेक सगळी पॉलिशमधून येते. मेण वरून एक ऊब देतं, थोडी खोली देतं, पाण्याचे थेंब टपोरे उभे राहतात, हात फिरवला की निसटतो. हे सगळं छान आहे, मला स्वतःला आवडतं. पण ते शेवटचं बोट आहे.

मेण म्हणजे काय तेही सांगून टाकतो. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडाच्या जातीच्या झाडाचं मेण. तिथल्या कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेणाचा थर येतो. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवतात. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात कडक, वितळायला ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं. तुम्ही घेतलेल्या कितीतरी गोळ्यांवर आणि खाल्लेल्या चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांवरही हेच मेण असतं! पण शुद्ध कार्नोबा दगडासारखा असतो, गाडीवर लावताच येत नाही. त्यात तेलं, दुसरी मेणं आणि उडून जाणारी द्रावणं मिसळावी लागतात. त्यामुळे डब्यावर ‘१०० टक्के कार्नोबा’ दिसलं तर आत नुसता कार्नोबा आहे असं समजू नये. स्वस्त डबा आणि महाग डबा यांत फरक या मिश्रणाचा असतो, सुवासाचा असतो, आणि बराचसा डब्याचाही असतो.

मार्चमध्ये आम्ही एक प्रयोग केला. माझ्याच गाडीच्या बॉनेटवर मधोमध टेप लावली. डावीकडे नऊ हजारांचं मेण, उजवीकडे २,४०० वाल्या डब्यातलं. दोन्हीकडे आधीची तयारी अगदी सारखी. सोमवारी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेली आणि टीममधल्या सात जणांना विचारलं, भारी बाजू कुठली? तिघं डावी म्हणाले, दोघं उजवी, एकाला फरकच दिसेना, आणि एक जण म्हणाला, "तू गाडी का पुसतोयस, अप्रेझलचं टेन्शन आहे का?" सात जणांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण गिऱ्हाईकही डोळ्यांनीच बघतं, मायक्रोस्कोपनं नाही.

मी विजयी मुद्रेनं भावाला म्हटलं, टाकून दे तो महाग डबा. त्यावर तो जे बोलला ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. म्हणाला, "दादा, स्वस्तवालं पुसताना ओढतं. गाडी जरा गरम असली की चिकटून बसतं. हे भारीवालं फडकं टेकवलं की निघतं. हात तुझे नाहीत ना." मी घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटांचा फरक पडला खरा. तासाला पाचशेच्या हिशोबानं वीस मिनिटांचे होतात १६७ रुपये, आणि मेणातला फरक ४९५ चा. म्हणजे आकड्यांत मी बरोबर. पण नांदेडच्या पोराचं मनगट मी त्या वीस मिनिटांत धरलं नव्हतं, आणि ते कसं धरायचं हे मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. महाग डबा फळीवर राहिला.

मग दर काय ठेवायचा? माझं मत हे असं झालंय. पॉलिश आणि वॅक्स वेगळे करा. ज्याच्या गाडीवर ओरखडे आहेत त्याला सात तासांचं पूर्ण काम सांगा आणि सात तासांचे पैसे घ्या. पाचशे रुपये तासानं ३,५००, वर सामान, म्हणजे ४,५००. ज्याच्या गाडीचं पॉलिश नुकतंच झालंय त्याला धुणं, हलकं क्ले आणि मेण एवढंच द्या. अडीच तासांचं काम, साध्या मेणाचे १,६००, भारी मेणाचे २,१००. दोन्ही मेणांच्या दरांत फरक पाचशेचा, कारण डब्यांत फरक पाचशेचाच आहे. ‘गोल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’ अशी नावं देऊन तोच फरक दोन हजारांचा करणं मला पटत नाही. शिवाय दरवेळी पॉलिश करणं गाडीलाही बरं नाही. रंगावरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा पातळ. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा जातोच. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की एक मोठं काम हातचं जातं, पण दर दोन महिन्यांनी अडीच तासांचं काम येत राहतं.

यावर माझा एक मार्केटिंगवाला मित्र म्हणाला, तू वेडा आहेस. प्रीमियम गोष्टीचा दर खर्चावरून ठरवायचाच नसतो, गिऱ्हाइकाच्या मनावरून ठरवायचा. त्यानं डॅन अ‍ॅरिएलीच्या २००८ च्या ‘प्रेडिक्टेबली इर्रॅशनल’ मधलं ‘द इकॉनॉमिस्ट’च्या वर्गणीचं उदाहरण ऐकवलं. नुसतं ऑनलाइन ५९ डॉलर, नुसता छापील अंक १२५, आणि दोन्ही मिळूनही १२५. मधला पर्याय शंभरातला एकही विद्यार्थी घेत नाही, पण तो ठेवला की चौऱ्याऐंशी जण महागडा घेतात, काढला की बत्तीसच. "तसाच एक डमी डबा ठेव फळीवर," मित्र म्हणाला, "आणि वीस हजारांचं सिरॅमिक कोटिंग शेजारी लिही. चार हजारांचं वॅक्स फुकट वाटेल."

चालेल हे, मला शंका नाही. मोठ्या मॉलच्या पार्किंगमध्ये दुकान असतं तर कदाचित मीही हेच सांगितलं असतं. तिथलं गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही. भावाचं गिऱ्हाईक आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांतलं आहे, ते एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतं आणि त्यातल्या निम्म्यांना एक्सेल येतं. एकानं दोन हजार जास्त मोजल्याचं कळलं की रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज येतो, "गाइज, जस्ट एफवायआय..."

शनिवारच्या दरावर मात्र आमचं भांडण झालं. आठवड्यात अकरा ते पाच शेड ओस पडलेली असते. तेव्हा सात तासांची गाडी आली तर कुणाचंच जात नाही. शनिवार-रविवारी धुण्याची रांग असते, तेव्हा तीच गाडी सात तासांचं धुणं अडवते. ६७२ गुणिले सात म्हणजे ४,७०० आणि सामान ९२५, एकूण ५,६०० च्या आसपास. म्हणून मी म्हटलं, शनिवार-रविवार ५,८००. भाऊ तयारच होईना. "तेच काम, तोच माणूस, शनिवारी तेराशे जास्त? लोक तोंडावर बोलतील." मी विचारलं, विमानाचं तिकीट काढताना बोलतोस का? तर म्हणे, "विमानवाला मला रोज दुधाच्या दुकानात भेटत नाही." शेवटी शब्द उलटा फिरवला. पाटीवर दर ५,८००, आणि खाली ‘सोमवार ते शुक्रवार ४,५००’. आकडे तेच, पण त्याला आता कुणाकडून जास्त घेतल्यासारखं वाटत नाही. मला हे जरा हास्यास्पद वाटतं. पण पाटी त्याची आहे.

जीएसटीचं एका वाक्यात सांगतो. त्याची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे म्हणून वरच्या आकड्यांत तो धरलेला नाही. ज्यांना लागू आहे त्यांनी १८ टक्के आधी बाजूला काढावेत आणि मगच भागाकाराला बसावं.

आणि "तेवढं डॅशबोर्ड पण पुसून द्या की" हे आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे! आपण त्याला चेंज रिक्वेस्ट म्हणतो आणि तरीही फुकट करून देतो. भावानंही ते फुकटच ठेवलंय, फक्त त्याची दहा मिनिटं हिशोबात धरायला लागलाय.

पूर्वी महिन्याला वॅक्सच्या आठेक पूर्ण गाड्या व्हायच्या. नवे दर लावल्यावर पाच झाल्या. पहिले दोन महिने तो मला फोनवर नुसतं "पाच" एवढंच म्हणायचा. पण आठ गाड्यांचे छप्पन्न तासांत साडेसोळा हजार मिळत, आता पाच गाड्यांचे पस्तीस तासांत पावणेअठरा मिळतात. उरलेल्या एकवीस तासांत तो गाड्या धुतो, किंवा काहीच नसलं तर पोरं सातला घरी जातात. बरेच जण सोमवारी-शुक्रवारी गाडी आणतात, घरून काम असतं ना. कॉलवर म्यूट करून शेडच्या दारात उभे राहतात.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. मेण टिकतं किती? डब्यावर सहा महिने लिहिलंय. पुण्याचा एप्रिल, मग पाऊस, त्यात बोअरचं जड पाणी, रोजचं फडकं, यात आमच्या अनुभवानं ते दीड-दोन महिने टिकतं. त्यानंतर थेंब उभे राहत नाहीत, पाणी पसरतं. मी म्हटलं, पाटीवर सहा आठवडे लिही. तो म्हणतो, समोरचा एक वर्ष लिहितो, मी सहा आठवडे लिहिले तर कोण येईल? दोन रविवार यावरच गेले. गेल्या आठवड्यात गेलो तर पाटीवर खडूनं लिहिलं होतं, ‘मेण ६ ते ८ आठवडे’. मी काही बोललो नाही. खाली त्याच खडूनं आणखी एक ओळ होती, ‘पॉलिशच्या मशीनवर मुलगा पाहिजे’.